हळदकुंकवाच्या वायरी

गाडी आवाज करते असं समजणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. गाडी बोलते असं समजणारा, आणि ती काय बोलते ते मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशिबानं तोच माझा सासरा झाला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही मंडळी मला बघायला गडहिंग्लजला आमच्या घरी आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर मुलाचे वडील जागेवरच नव्हते. माझा भाऊ आयत्या वेळी साखर आणायला स्कूटरवरून गेला होता. ती सुरू होताना ऐकून मामा उठून अंगणात गेले होते आणि ती परत यायची वाट बघत फाटकात उभे होते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे सगळं आत्यांनी विचारून घेतलं. मामांनी मला एक प्रश्न विचारला नाही. निघताना मात्र माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी पसंत हाय पावणं. तेवढा स्कूटरचा प्लग बदला." वडिलांनी त्याच संध्याकाळी प्लग बदलला, आणि मुलाविषयी अजून काहीच कळलेलं नसताना व्याही मात्र सोन्यासारखा आहे, असं सगळ्या नात्यात सांगत सुटले.

लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या घरात आले. माप ओलांडून आत पाऊल टाकलं तर समोर ना माणूस, ना देव, एक लालभडक मोटार उभी. दोन सीटची, छप्पर नसलेली, लांब नाकाची विलायती स्पोर्ट्स कार. मामा दूध डेअरीच्या गाड्यांची देखभाल बघत. त्या फिरतीत मुरगूडकडच्या एका इनामदाराच्या गोठ्यात त्यांना ही सापडली होती. तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मामांनी ती दुधाच्या ट्रकमागं दोर लावून कोल्हापुरात आणली, सोप्याची, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीची, रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवलं, गाडी आत घेतली आणि सोप्यातलं खुर्च्या-टेबल माडीवर पाठवून दिलं. त्यामुळं आमच्याकडे पाहुणे आले की ते गाडीत बसत. चहा डॅशबोर्डवर ठेवायला सक्त मनाई होती, कपबशी मांडीवर धरायची. तिसरा पाहुणा आला तर त्याला स्टूल मिळे, आणि तो वाटेत उभा राहून लिफ्ट मागणाऱ्या माणसासारखा गाडीतल्या दोघांशी बोलत राही. आत्या त्या गाडीचा उल्लेख 'तुमची ती' असा करत. तरी दर दसऱ्याला इरकल नेसून, नथ घालून त्याच गाडीतून शिलंगणाला जात, आणि पेठेतल्या बायका दारात येऊन बघतायत ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासून घेत.

मामांच्या कानाविषयी काय सांगावं? जेवताना, बोलताना, भांडताना रस्त्यावरून एखादं वाहन गेलं की हा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा, निदान करायचा आणि मग वाक्य जिथं सोडलं तिथून पुढं चालू करायचा. "भाजीत मीठ... टॅपेट सैल झाल्यात त्याचं... कमी हाय." वडगावला एका लग्नात त्यांनी वरात थांबवली होती, कारण दिव्यांसाठी आणलेला जनरेटर आजारी होता. नवरदेव घोड्यावर, बँडवाले तोंडातली पिपाणी काढून उभे, आणि मामा शर्टाच्या बाह्या सरसावून जनरेटरपाशी उकिडवे बसलेले. एकदा तर दहाव्याला गेलेले असताना, सगळे मान खाली घालून बसलेले असताना, हे हळूच त्या घरच्या थोरल्या मुलाकडं सरकले. तो बिचारा सांत्वनाची अपेक्षा करून कान पुढं करतो, तर मामा म्हणाले की विहिरीवरच्या पंपाचं बेअरिंग गेलंय, आठवडाभरात मोटर जळेल. आत्यांनी घरी येऊन डोक्याला हात लावला. पण त्या मुलानं बेअरिंग बदललं आणि पुढं दरवर्षी आमच्याकडे गुळाची ढेप पोचती केली, हेही सांगायला हवं. माझ्या आयुष्यात मला भरपूर हुशार माणसं भेटली. मी स्वतः हायस्कूलला गणित शिकवते, त्यामुळं हुशारीचं कौतुक मला फारसं नाही. पण दुसऱ्याच्या घरचा पंप जळू नये म्हणून दहाव्याचा मान बाजूला ठेवणारा माणूस मला मोठा वाटतो.

गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर होते आणि मामा चार भाऊ होते, तेव्हा सिलिंडरांची नावं ठरायला वेळ लागला नाही. थोरला, दुसरा, तिसरा, धाकटा. यातला दुसरा म्हणजे मामा स्वतः. इंजिनात ठिणगी ज्या क्रमानं पडते तो क्रम सरळ नसतो. आधी थोरला, मग तिसरा, मग धाकटा आणि सगळ्यात शेवटी दुसरा. मामा हे मोठ्या समाधानानं सांगत. घरच्या वाटण्या झाल्या तेव्हाही म्हणे त्यांनी असंच सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते घेतलं होतं. रविवारी सकाळी कळंब्याच्या तळ्यापर्यंत चक्कर मारून आले की ते आम्हाला भावांची खुशाली सांगत. थोरला खूश हाय, धाकट्याला जरा खोकला हाय. नव्या सुनेला, म्हणजे मला, पहिले सहा महिने वाटत होतं की हे खरंच वाटेत भावांना भेटून येतात.

आणि एका वर्षी, डेअरीतून निवृत्त होऊन बराच काळ गेल्यावर, मामा सुधारले. निदान आम्हाला तसं वाटलं. जेवताना वाक्य अर्धवट सोडेनात. लग्नकार्यात एका जागी बसून राहू लागले. रस्त्यानं खडखडाट करत टेंपो गेला तरी मान वळेना. नातेवाईक म्हणाले, वय झालं, शहाणपण आलं. आमचे हे म्हणाले, चला, सुटलो. मलाही बरंच वाटलं. आमच्या घरात सगळेच मुळात मोठ्यानं बोलतात. शेजारणीला मिरच्या मागायच्या तरी आत्या माडीवरून असा आवाज देत की कोपऱ्यावरच्या तालमीतला पैलवान जोर मारायचा थांबावा. त्या गलक्यात एखाद्याला कमी ऐकू येतंय हे कळायचं कसं?

त्याच भाद्रपदात गाडी मिसिंग करायला लागली. म्हणजे चालता चालता एखाद्या सिलिंडरला ठिणगी मिळायची नाही आणि गाडी पाय मुरगळल्यासारखी लंगडायची. मला ऐकू आलं, ह्यांना ऐकू आलं. मामा काही बोलले नाहीत, याचं नवल वाटायला हवं होतं. मग एकदा शिरोली नाक्यावर आत्यांसकट गाडी मधोमध बंद पडली. मागचा ट्रकवाला हॉर्न मारमारून दमला आणि शेवटी खाली उतरून आला, तोवर मामा शांतपणे समोर बघत बसलेले. हे कळलं तसं आमच्या ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याच संध्याकाळी निकाल लावला: दसऱ्याला गाडी नीट निघाली तर ठीक, नाही तर वडगावला थोरल्या काकांच्या शेडमध्ये नेऊन ठेवायची आणि सोप्यात पुन्हा खुर्च्या मांडायच्या. ह्यांनी गॅरेजचंही नाव काढलं होतं, पण मामांनी आजवर त्या बॉनेटखाली परक्याचा हात जाऊ दिला नव्हता. ते एवढंच म्हणाले की दसऱ्याला गाडी निघंल. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर इंजिन चालू, बॉनेट उघडं, त्यावर घोंगडं पसरलेलं आणि घोंगड्याखालून दोन पाय बाहेर आलेले. मी हाक मारली तशी त्या घोंगड्यानं मलाही आत ओढलं. आत मिट्ट काळोख, पेट्रोलचा वास, आणि त्या काळोखात प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या टिकटिक उडत होत्या. वायरींवरचं रबर वाळून तडकलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच वाटेत सांडत होती. मामा लहान मुलाला चांदोबा दाखवावा तशा मला त्या दाखवत होते. वायरी बदलल्या की झालं, असं त्यांनी मला कानात ओरडून सांगितलं. नंतर माझ्या ध्यानात आलं की पूर्वी ते असलं दुखणं नुसत्या कानानं पकडायचे. त्यांना घोंगडं कधी लागलं नव्हतं.

विलायती गाडीच्या तयार वायरी कोल्हापुरात कुठल्या मिळणार? मामांनी उद्यमनगरातून वायरीचं भेंडोळं आणलं आणि घरी कापायला बसले. चारही सिलिंडर कमीजास्त अंतरावर असतात, तेव्हा चार वायरी चार लांबीच्या हव्यात, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मामांनी चारही समान कापल्या. मी विचारलं तर म्हणाले, "भावाभावात वाटणी सारखीच पायजे. कुणाला लांब, कुणाला आखूड, ह्यातनंच भांडणं लागत्यात." वायर बदलताना एका वेळी एकच काढायची आणि लगेच नवी लावायची, म्हणजे घोटाळा होत नाही, हा नियम ते पेठेतल्या सगळ्यांना आयुष्यभर शिकवत आले होते. पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती, आणि नवी वस्तू पूजेशिवाय जुंपायची नाही हा दुसरा नियम त्याहून मोठा होता. म्हणून त्यांनी जुन्या चारही वायरी एकदम काढल्या. नव्या चार त्यांनी ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत घट्ट बसवल्या आणि प्लगकडची चार टोकं मोकळी ठेवली. कुठलं टोक कुणाचं, हे कळावं म्हणून खुणा केल्या. रंग शोधायला जावं लागलं नाही, देवघर आणि तंबाखूची चंची जवळच होती. थोरल्याच्या टोकाला कुंकू, दुसऱ्याला हळद, तिसऱ्याला चुना, आणि धाकटा तसाच. मला दाखवून म्हणाले, आता आंधळासुद्धा लावंल.

खंडेनवमीला सोप्यात पाट मांडला. पाने, हातोडी, पकड, आत्यांची विळी आणि मधोमध टोपीसकट त्या चार वायरी. आत्या पूजेच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांनी पद्धतीप्रमाणे सगळी अवजारं आधी ओल्या फडक्यानं लख्ख पुसून घेतली, वायरीसुद्धा, आणि मग कुणावर अन्याय नको म्हणून चारही टोकांना हळद आणि कुंकू लावलं. अगदी एकसारखं, दोन दोन बोटं. मामा आंघोळ करून आले, पाटाकडं बघितलं आणि बघतच राहिले. आत्यांना काय झालं ते कळेना. आणि कळलं तेव्हाही काही करता येत नव्हतं, कारण पूजेतल्या अवजाराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. चार टोकं चार ठिकाणी लावायच्या चोवीस तऱ्हा होतात, असं मी सांगून टाकलं. गणिताचा इतका अवेळी उपयोग त्या घरात कुणी केला नसेल. आमचे हे वडगावला काकांना फोन लावायला उठले. मामा मात्र हसले आणि म्हणाले की टोपीवरनं क्रम निम्मा तर ध्यानात हाय, राहिलेलं मी ऐकून लावतो.

दसऱ्याच्या सकाळी शटर वर गेलं तेव्हा निम्मी गल्ली समोर जमली होती. कोल्हापुरात गाडी दुरुस्त होताना बघायला आमंत्रण लागत नाही. मामांनी पाटाला नमस्कार करून वायरी उचलल्या, टोपी जागेवर बसवली, थोडा विचार करून चारी टोकं प्लगांवर दाबली आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. सुरू झाली, पण कशी? चारांतले दोनच सिलिंडर चालत होते. भक् भक् करत, अंग टाकत, मडगार्ड थरथरवत ती अशी लंगडत होती की शाळेत गाडीवर निबंध लिहिणाऱ्या पोरालाही कळावं. आणि मामा गाडीतून उतरून बॉनेटशी उभे राहिले, मान वाकडी केली, डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "झालं," ते म्हणाले. "चारी भाऊ सुरात आलं."

दुसऱ्या कुणी असली गाडी ठणठणीत म्हणून दाखवली असती तर आमच्या पेठेनं त्याला जन्मभर पुरेल असं नाव ठेवलं असतं. तालमीतल्या पैलवानानं तोंड उघडलं, पण आत्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि त्यानं ते मिटलं. आमचे हे खाली बघत होते. आम्ही ज्याला शहाणपण समजून सुटलो म्हणालो होतो, ते काय होतं हे तेव्हा सगळ्यांना एकदम समजलं, आणि ज्याचं त्याला सांगायचं कुणी, हा प्रश्न सगळ्यांपुढं उभा राहिला. आत्या पुढं झाल्या. ज्या बॉनेटला त्यांनी पूजेशिवाय कधी बोट लावलं नव्हतं, त्याच्याशी गेल्या, मामांचा हात मनगटाला धरून उचलला आणि तळवा मडगार्डवर दाबून धरला.

मामांनी डोळे उघडले. त्या थरथरणाऱ्या पत्र्यावर त्यांचा हात बराच वेळ होता. मग त्यांनी आत्यांना विचारलं, "कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"पावसाळ्यापासनं," आत्या त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. "फोन वाजला की तुमी माझ्याकडं बघता."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोललो असतो तर ऐकू आलं असतं व्हय?"

मामा हसले. खरंच हसले. आणि ते हसले म्हणून गल्लीला हसता आलं, आणि मला पदरानं डोळे पुसता आले. मग त्यांनी गर्दीत मला शोधून काढलं. "ये पोरी. तुला ऐकू येतंय न्हवं? मग झालं की. आता मी वायर वढतो, तू सांग." विजेचा झटका बसू नये म्हणून पायाखाली तो पूजेचा पाट घेतला, हातात कोरडं फडकं घेतलं आणि चालू इंजिनवरच एकेक टोक प्लगवरून उचलायला लागले. चालणाऱ्या सिलिंडरची वायर काढली तर आवाज पडतो. मुळात बंदच असलेल्याची काढली तर काही फरक पडत नाही. थोरल्याची काढली, इंजिन मरायला टेकलं. मी ओरडले, पडला फरक. दुसऱ्याची काढली, काही नाही. तिसऱ्याची, काही नाही. धाकट्याची काढली तशी गाडीनं आचका दिला. मामांनी इंजिन बंद केलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "म्हंजे मी आणि तिसरा एकमेकाच्या पानावर जेवाय बसलोय." दोन टोकांची अदलाबदल केली आणि चावी मला फिरवायला लावली.

तो आवाज मला अजून सांगता येत नाही. मामांनी मात्र सांगायला लावला. चांगला आहे, असं म्हटलेलं त्यांना चालेना. चांगला म्हणजे कसा? ठोके सारखे पडतायत का? मधे श्वास घेतीया का? खालचा आवाज भरीव हाय का पोकळ? मी शोधून शोधून शब्द देत होते, ते मडगार्डवर हात ठेवून माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि प्रत्येक शब्दाला हाताखाली काहीतरी सापडल्यासारखी मान हलवत होते.

संध्याकाळी आत्या इरकल नेसून, नथ घालून बाहेर आल्या आणि आपल्या सीटवर बसल्या. मामा धुतलेला फेटा बांधून उभे होते. अट त्यांनी पुरी केली होती. गाडी नीट झाली होती, आता वडगावच्या शेडचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. आमच्या ह्यांनी तर दार उघडून धरलं होतं. मामांनी खिशातून चावी काढली आणि ह्यांच्या हातावर ठेवली. "गाडी ठीक हाय," ते म्हणाले. "मी ठीक न्हाय. तू चालीव. आयला नीट घिऊन ये." हे काही बोलायला गेले तर त्यांनी हातानंच गप्प केलं. ज्या गाडीला परक्याचा हात लागू दिला नाही, जिच्यासाठी घराची भिंत पाडली, तिची चावी कुणी मागायच्या आत देणारा तो माणूस मी त्या दिवशी पाहिला, आणि आजवर मला त्याच्याइतकं श्रीमंत कुणी दिसलेलं नाही. त्यानंतर ते बरीच वर्षं होते, गाडीचं सगळं काम माझ्या कानानं आणि त्यांच्या हातानं होत राहिलं, पण स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

गाडी गल्लीतून निघाली. आत्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना बघवलं नसतं. मामा आणि मी शटरपाशी उभे होतो.

"वळली?" त्यांनी विचारलं. वळली, मी त्यांच्या कानाशी म्हटलं. "दुसऱ्या गियरात कशी बोलली?" मी सांगितलं. "येतीया ऐकू अजून?" येतीय, मी म्हणाले. लांबून शिलंगणाच्या मिरवणुकीचे ढोल सुरू झाले होते आणि त्यात गाडीचा आवाज कधीच बुडाला होता. "आणि आता?" अजून येतीय मामा, मी म्हणाले.

ते माझ्याकडं वळले. "खोटं बोलू नगं पोरी. तालमीच्या म्होरं आवाज येत न्हाय हितवर. मला म्हाईत हाय की."

मग फेटा काढून त्यांनी हातात घेतला. तरी गाडी परत येईपर्यंत ते दारातून हलले नाहीत, आणि मीही नाही.